कुरळ्या केसांचे ट्विस्ट : परदेशात नव्याने आलेल्यांसाठी

परदेशात बस्तान बसवताना केसांचा विचार सहसा सर्वांत शेवटी होतो. पहिल्या हिवाळ्यात मात्र आजवर सहज सांभाळलेले कुरळे केस रखरखीत होतात, कंगव्याला दाद देईनासे होतात आणि मग नवनव्या बाटल्या आणण्याचा मोह होतो. माझ्या मते दोष बहुधा बाटलीचा नसतो. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार केसांवर साचतात आणि हीटरने तापवलेल्या खोलीतील कोरडी हवा केसांतला ओलावा खेचून घेते. त्यातच डोक्याच्या त्वचेतून स्रवणारे तेल वळणदार केसाच्या टोकापर्यंत नीट पोहोचत नसल्यामुळे कुरळ्या केसांना याचा फटका अधिक बसतो.

अशा हवेत केसांचे ट्विस्ट, म्हणजे दोन पेड एकमेकांभोवती गुंडाळून केलेले पीळ, घालून ते काही दिवस तसेच राहू देणे हा भरवशाचा उपाय आहे. ही कला आफ्रिकी वंशाच्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली असल्यामुळे ती पहिल्यांदा त्यांच्याच सलूनमध्ये बघून घ्यावी, असे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

घरी करताना आधी केस धुवावेत. पाणी जड असेल तर अधूनमधून क्षार उतरवणारा शाम्पू वापरावा. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतला गुंता रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून मुळांकडे सरकत सोडवावा. नंतर केसांचे भाग पाडावेत. भाग बारीक असतील तर पीळ अधिक दिवस टिकतो, जाड असतील तर उशिरा वाळतो आणि लवकर सैलही पडतो. प्रत्येक भागाला लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचे) कंडिशनर व थोडे जेल लावून त्याचे दोन सारखे पेड करावेत आणि ते एकमेकांभोवती टोकापर्यंत सारख्या ताणाने गुंडाळावेत. आपल्याकडच्या अनेकांचे कुरळे केस मऊ असल्यामुळे साधा पीळ टोकाकडून उलगडतो. तेव्हा प्रत्येक पेडाला आधी एका दिशेने पीळ देऊन मग दोन्ही पेड विरुद्ध दिशेने एकमेकांत गुंफावेत, म्हणजे ते दोरखंडासारखे एकमेकांना धरून राहतात. मुळाशी दुखत असेल किंवा बारीक पुळ्या आल्या असतील तर ट्विस्ट लगेच सोडावेत, कारण सततच्या ओढीने कपाळालगतचे केस विरळ होतात आणि ते नुकसान कधी कधी कायमचे ठरते.

सर्वाधिक संयम लागतो तो वाळवताना. पाण्याने केसांतील हायड्रोजन बंध सुटतात आणि केस वाळताना ते नव्या आकारात पुन्हा जुळतात. म्हणून आत जराही ओल असताना उलगडलेला ट्विस्ट आकार न धरता नुसता फुलतो. दाट केस थंड खोलीत रात्रभरातही वाळत नाहीत, त्यामुळे सकाळी महत्त्वाचे काम असेल तर आदल्या रात्री ट्विस्ट घालण्याच्या फंदात पडू नये, किंवा मंद उष्णतेचा हूड ड्रायर (डोक्यावर टोपीसारखा बसणारा ड्रायर) वापरावा. कुरळेपणा मोकळा मिरवायचा असेल तर बोटांना तेलाचा हात लावून, घातलेल्या पिळाच्या उलट दिशेने, टोकापासून ट्विस्ट सोडावेत.

ट्विस्ट तसेच ठेवायचे असतील तर झोपताना सॅटिनची टोपी घालावी, कारण सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि घर्षणही वाढवतो. केस कोरडे वाटल्यास पाण्याचा हलका फवारा पुरतो. ग्लिसरीन भरपूर असलेली उत्पादने अतिकोरड्या हवेत उलटतात. ती दमट दिवसांसाठी ठेवावीत. धुताना ट्विस्टचे चार जुडगे बांधून पातळ केलेला शाम्पू फक्त मुळांशी चोळावा. सैल पडलेले सगळे ट्विस्ट पुन्हा घालत बसण्याची गरज नसते, कपाळालगतचे नीट केले तरी भागते.

दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ मात्र ते ठेवू नयेत. रोज साधारण 50 ते 100 केस गळतात आणि ते पिळातच अडकून राहून मुळाशी गुंता करतात. हा गुंता पाणी लागण्यापूर्वीच बोटांनी सोडवावा, नंतर तो घट्ट आवळतो. लोकरीच्या टोपीला आतून सॅटिनचे अस्तर शिवून घ्यावे, आणि ट्विस्ट खांद्यापर्यंत येत असतील तर कोटाच्या कॉलरवर घासू नयेत म्हणून बाहेर पडताना ते वर बांधावेत.