वॅक्सऐवजी ग्रिप पॅड लावताय? या चुका टाळा

पावसाळा सरून गोव्यातल्या सर्फ शाळा उघडल्या, की माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डांची तऱ्हा दरवर्षी एकच असते. बोर्ड धडधाकट, वर पाय घसरू नये म्हणून चिकटवलेलं नवं कोरं ग्रिप पॅड आणि पॅडचे कोपरे उचकटलेले. मालक म्हणतो, माल खराब निघाला. माल बहुतेक वेळा चांगला असतो. घाई नडलेली असते.

पकड यावी म्हणून डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूला, घासायच्या वॅक्सला पर्याय हवासा वाटणं मला अगदी पटतं. आपल्याकडचं समुद्राचं पाणी जवळपास वर्षभर २७ ते ३० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे उष्ण पाण्यासाठीचं, सगळ्यांत कडक वॅक्सच वापरावं लागतं. एप्रिलच्या उन्हात बोर्ड वाळूवर जरा वेळ पालथा न घालता ठेवला, तर तेही पाघळतं, त्यात वाळू बसते आणि मग तो चिखल गाडीच्या सीटला, कपड्यांना, पोटाला लागत राहतो. म्हणून लोक फोमच्या पॅडकडे, पारदर्शक षटकोनी चकत्यांकडे किंवा पकडीच्या स्प्रेकडे वळतात. जरूर वळा. फक्त पुढचं आधी वाचा.

तेलकट डेकवर पॅड चिकटवणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते.

गेल्या हंगामात पुण्याचा एक तरुण आश्वेला बोर्ड घेऊन आला होता. जुनं वॅक्स काढायला त्याने खोबरेल तेल वापरलं होतं. खोबरेलाने वॅक्स सुटतं, हे खरं आहे; अंगाला लागलेलं वॅक्स मीसुद्धा त्यानेच काढतो. पण त्याने नंतर डेक फक्त टॉवेलने पुसला. डेक चकाकला, त्याला वाटलं स्वच्छ झाला. पुढे-मागे दोन्ही पॅड लावले आणि चहा होईपर्यंत थांबून तो पाण्यात शिरला. तिसऱ्या-चौथ्या लाटेला त्याने मागच्या पायावर जोर दिला, तसा टेल पॅड (मागच्या पायाखालचा) सरकला. तो एका बाजूला पडला, बोर्ड उलटला आणि खालच्या पात्यासारख्या फिनने नडगी चिरली. टाके पडले. संध्याकाळी बांधलेला पाय घेऊन तो माझ्याकडे आला आणि विचारलं काय, तर, "दादा, खाली फेव्हिक्विक मारून बसवू का परत?"

नका मारू. तसला झटपट गोंद वाळला की ठिसूळ होतो. बोर्ड लाटेवर सतत किंचित वाकत असतो, पॅडचा फोमही दबत असतो. त्यांच्यामधला कडक थर तडकणारच. वर त्याची जी खपली डेकवर राहते, ती घासून काढताना खालचा फायबर ग्लासही झिजतो. पॅडला कंपनीने लावून दिलेला, दाबल्यावर धरणारा गोंद पुरेसा असतो. त्याला फक्त कोरडा, तेल नसलेला पृष्ठभाग आणि वेळ लागतो.

माझी पद्धत अशी. बोर्ड पाच-दहा मिनिटं उन्हात, वॅक्सची बाजू वर करून ठेवायचा. जास्त नाही, कारण आतला फोम तापून फुगला की वरचा थर सुटतो. मऊ झालेलं वॅक्स जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं. उरलेल्याला खोबरेल लावलंच, तर त्यानंतर भांड्यांच्या साबणाने डेक धुवायचा, वाळवायचा आणि औषधाच्या दुकानातल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पांढऱ्या सुती फडक्याने पुसायचा. फडकं पिवळट दिसलं तर पुन्हा पुसायचं. मग डेकवर वाटीभर पाणी ओतायचं. अळवाच्या पानावर राहतात तसे थेंब गोळा झाले, तर तेल किंवा वॅक्स अजून आहे. पाणी सपाट पसरलं, की काम झालं. ही परीक्षा केल्याशिवाय मी पॅडच्या मागचा कागद सोलत नाही आणि कोणाला सोलूही देत नाही.

अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल या कामात आणूच नका. बोर्ड थर्मोकोलच्या जातीच्या फोमचा असेल आणि कुठे बारीक तडा असेल, तर ते आत झिरपून फोम विरघळवतात. बाहेरून काही दिसत नाही, आत पोकळी होते.

पॅड बसवल्यावर मधून कडेकडे अंगठ्याने जोर लावून दाबत जायचं, कडांवर जास्त वेळ द्यायचा आणि पुढचे २४ तास बोर्ड सावलीत ठेवायचा. दमट दिवस असतील तर मी दोन दिवस ठेवतो. "उद्या सकाळीच जायचंय" म्हणणाऱ्याला मी वॅक्स लावून देतो. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पॅड लावायचा हट्ट मला समजतच नाही.

जिन्यावरची अँटी-स्लिप टेप

हार्डवेअरच्या दुकानात ती काळी खरखरीत पट्टी स्वस्तात मिळते आणि कोणाच्या तरी डोक्यात येतं, हीच लावली तर? पाय नक्की घट्ट बसतो. पण सर्फर बोर्डावर उभा असतो थोडा वेळ आणि पालथा पडून हात मारत असतो बराच जास्त. त्या पट्टीवर सँडपेपरसारखेच कण असतात. एका गटाने भाड्याचा बोर्ड असा सजवलेला मी पाहिला आहे. त्यातल्या मुलाची छाती आणि गुडघे इतके सोलवटले होते, की त्याला खाऱ्या पाण्यात पुन्हा पाऊल टाकवेना. त्याची रॅशगार्ड (सर्फिंगचा तंग टी-शर्ट) पोटावर जाळीसारखी झाली होती. ती पट्टी काढताना मला त्या बोर्डावर दिवस घालवावा लागला. बूट घालून चढायच्या जिन्यासाठी केलेली वस्तू उघड्या कातडीखाली घालू नका, याहून सोपं मला सांगता येत नाही.

मेणबत्ती घासणारेही भेटतात. कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात सर्फर पॅराफिन वापरू लागले, हा त्यांचा आधार. पण साधं पॅराफिन कडक आणि गुळगुळीत असतं. म्हणून तर पुढे त्यात चिकटपणा आणणारे पदार्थ मिसळून सर्फ वॅक्स तयार झालं.

पाय कुठे पडतो हे न पाहता जागा ठरवणं

नवशिक्या सर्फरचा पुढचा पाय प्रत्येक लाटेला वेगळ्या जागी पडतो. अशा वेळी फ्रंट पॅड लावलं, की निम्म्या वेळा पाय पॅडच्या बाहेर, गुळगुळीत डेकवर पडतो. उभं राहणं अंगात मुरेपर्यंत वॅक्सवरच राहा, असं मी स्पष्ट सांगतो, आणि काहींना राग येतो. आला तरी चालेल.

ज्यांचा पाय स्थिरावला आहे, त्यांनी ताजं वॅक्स लावून एक-दोनदा पाण्यात जाऊन यावं. जिथे वॅक्सचे दाणे चेपले गेले, तिथे तुमचे पाय पडतात. त्या खुणांभोवती पेन्सिलने रेघ मारा, मग वॅक्स काढा. टेल पॅड आधी कागद न सोलता ठेवून पाहा. मागची उंच कड लीशच्या (पायाला बांधायच्या दोरीच्या) खाचेच्या अगदी पुढे यावी, खाच झाकली जाऊ नये आणि मधली उंच पट्टी बोर्डाच्या मधल्या रेघेवर बसावी.

आणि सगळं वॅक्स हद्दपार करायची गरज नाही. २०२४ च्या ऑलिम्पिकची सर्फिंग स्पर्धा ताहितीत तेआहुपोला झाली, तिथेही मागे पॅड आणि पुढे वॅक्स हीच जोडी सर्वत्र दिसत होती. मागच्या पायाला टेकू लागतो, पुढच्या पायाला सरकवून नेमकी जागा घ्यायची मोकळीक लागते. माझ्या स्वतःच्या छोट्या बोर्डावर हेच आहे. लाँगबोर्डवर तर चालत पुढे जायचं असतं, तिथे मी पॅड लावतच नाही.

तड्यावर पॅड झाकणं

तडा दिसत नाही म्हणून पाणी शिरायचं थांबत नाही. पॅडखाली पाणी साचून राहतं, फोम तपकिरी होतो, बोर्ड जड होतो आणि कळतं तेव्हा दुरुस्तीचा खर्च कितीतरी पटींनी वाढलेला असतो. अंगठ्याने सगळा डेक दाबून पाहा. कुठे करकरलं किंवा मऊ लागलं, तर आधी ते भरून घ्या.

थोडक्यात सांगण्याजोग्या

शिकाऊंच्या मऊ फोमच्या बोर्डावर पॅड चिकटवू नका. त्या वरच्या प्लास्टिकला असा गोंद धरत नाही. तिथे थोडं वॅक्सच बरं.

स्प्रे किनाऱ्यावरच्या वाऱ्यात मारू नका. अर्धा हवेत जातो, उरलेल्यात वाळू बसते.

षटकोनी चकत्यांवर वॅक्स घासू नका. त्यांचा खरखरीतपणा बुजतो आणि मग ना वॅक्सची पकड, ना चकतीची.

डोक्याला तेल चोपडून किंवा तळपायाला सनस्क्रीन लावून पाण्यात गेलात, तर कुठलंही पॅड घसरणारच. सनस्क्रीन अवश्य लावा, पण नंतर हात वाळू आणि पाण्याने घासा. पॅड महिन्यातून एकदा मऊ ब्रश आणि साबणाने धुवा.

काळं पॅड लावलेला बोर्ड बंद गाडीत ठेवू नका. काळा रंग ऊन शोषतो, गोंद पातळ होतो, पॅड आकसतं आणि कडा सुटतात.

जुनं पॅड ओरबाडून काढलं तर डेकचा थर सोबत येतो. हेअर ड्रायरने एक कोपरा हात लावता येईल इतपत गरम करा, तंगूस (मासे पकडायची नायलॉनची दोरी) दोन्ही हातांत ताणून पॅडखाली घाला आणि करवतीसारखी मागेपुढे ओढत न्या. जिथे अडेल तिथे पुन्हा गरम करा. राहिलेला गोंद अंगठ्याने गोळा करत काढा, मग अल्कोहोलने पुसा आणि नवं पॅड लावण्याआधी पाण्याची परीक्षा पुन्हा घ्या.