गल्लीतला दिवा लागला एकदाचा, काय केलं ते सांगतो

आमच्या वळणावरचा रस्त्याचा दिवा दीड महिना बंद होता, संध्याकाळी मुलं क्लासवरून येताना अंधारात खड्डा दिसायचा नाही. महापालिकेच्या ॲपवर दोनदा कंप्लेंट टाकली, दोन्ही वेळा "निकाली काढली" असा मेसेज आला पण दिवा काही लागेना, खूप राग आला. शेवटी वॉर्ड ऑफिसला गेलो तर तिथल्या वायरमन काकांनी नीट समजावलं, की एलईडी दिव्यांच्या अख्ख्या लाईनला वीज देणाऱ्या पॅनलमध्ये सिम कार्ड असतं, अख्खी लाईन गेली की कंट्रोल रूमला लगेच कळतं, पण एकच दिवा गेला तर लोडमध्ये एवढासा फरक पडतो, तो पकडला जात नाही. आणि माझ्या फोटोचं लोकेशन मागच्या गल्लीतलं पडलं होतं, माणूस तिथला चालू दिवा बघून परत जायचा!

मग खांबाला खेटून उभा राहिलो, मॅपवरचा ठिपका जागेवर येईपर्यंत थांबलो, खांबावर रंगवलेला नंबर फोटोत घेतला आणि खाली टाइपही केला. तिसऱ्या दिवशी शिडीची गाडी आली, दिव्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, जळला होता, तो बदलला, दहा मिनिटांचं काम. कंप्लेंट बंद करण्याआधी तक्रारदाराला ओटीपी विचारायलाच हवा असं मला मनापासून वाटतं, तसा अर्ज पण दिलाय.