चिंध्यांच्या बाहुलीला कसर लागू नये म्हणून

आजीनं लुगड्याच्या चिंध्यांची करून दिलेली बाहुली पावसाळ्यात पेटीत ओल धरते, मग कसर लागते. पॉलिथिनमध्ये तर मुळीच गुंडाळू नका. ओल आतच कोंडते.

१. पाऊस लागायच्या आधी ओसरीत, सावलीत, दिवसभर वाऱ्यावर ठेवा. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन रंग उडवतं.
२. कोरड्या मऊ ब्रशनं शिवणींतली धूळ काढा.
३. जुन्या सुती धोतराच्या धुतलेल्या तुकड्यात सैल गुंडाळा. कडुलिंबाचा वाळलेला पाला वेगळ्या पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा, अंगाला लागला तर डाग पडू शकतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, लेकरांचे लाकडी नंदी काढता, तेव्हाच तिलाही उघडून बघा, पाला बदला.

डांबरगोळ्या नकोच. लेकरानं तोंडात घातली तर विषबाधा होते.