लाईट जाणाऱ्या गावात लॅपटॉपची बॅटरी कशी सांभाळावी

वळीव सुरू झाला की बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात लाईटचा भरवसा राहत नाही. तारेवर फांदी पडली की हेस्कॉम या वीज कंपनीचा लाईनमन येईपर्यंत वाट बघायची. त्या धास्तीने आपल्याकडे बरेच जण लॅपटॉप रात्रंदिवस चार्जरलाच लावून ठेवतात. धास्ती खोटी नाही, पण बॅटरीचं आयुष्य लवकर संपतं ते याच सवयीने. लिथियम-आयन बॅटरीला सतत 100 टक्के भरलेलं राहणं सोसत नाही आणि उष्णताही सोसत नाही.

आधी बॅटरीची मूळ क्षमता किती उरली आहे ते बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘पॉवर’, त्याला जोडून सी, एफ, जी ही अक्षरं, एक जागा सोडून प्रश्नचिन्हाच्या कळीवरची तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ असा सलग शब्द टाका. एंटर दाबल्यावर अहवालाची फाइल कुठे ठेवली ते पडद्यावर येतं. त्या फाइलीत ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे शोधा. पहिला 50,000 मिलिवॉट-अवर आणि दुसरा 35,000 असेल, तर बॅटरी 70 टक्के उरली. लॅपटॉप 10 वॉट खात असेल, तर नवा असताना 5 तास चालायचा तो आता साडेतीन तास चालेल. मॅकमध्ये हीच माहिती सेटिंग्जच्या बॅटरी विभागात मिळते.

मग चार्जिंगची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवा. बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये ही सोय असते, काहींत ती बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, सापडते. आभाळ भरून आलं किंवा दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट बंद राहणार अशी बातमी आली, तर त्या दिवसापुरती मर्यादा काढून पूर्ण चार्ज करा. अधूनमधून 100 टक्के भरल्याने काही बिघडत नाही. विजा कडकडू लागल्या की मात्र प्लग बोर्डातून काढायचाच. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवेची भोकं बुजतात. टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असं समजा. चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबू किंवा टोचू नका आणि सर्व्हिस सेंटरला न्या. ती बॅटरी घंटागाडीत टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट ही उत्पादकांची जबाबदारी आहे.

घरातला इन्व्हर्टर बॅटरीतल्या डीसी विजेचा एसी करतो आणि लॅपटॉपचा चार्जर पुन्हा तिचा डीसी करतो. दोन्ही वेळा थोडी वीज वाया जाते. ती वाचवायची असेल आणि लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होत असेल, तर 65 वॉट देणारी पॉवर बँक घ्या. 20,000 एमएएचची बँक म्हणजे साधारण 74 वॉट-अवर. विमानात 100 वॉट-अवरपर्यंत चालते, त्यामुळे सांबऱ्याच्या विमानतळावरून जातानाही ती हातातल्या बॅगेत नेता येते.

पुढे काय येणार? झाकणावरच सोलर पॅनल बसवलेला लॅपटॉप सॅमसंगने 2011 मध्येच काढला होता. पण 14 इंची झाकणावर कडक उन्हातही जेमतेम 14 वॉट मिळतील, आणि तेवढ्या उन्हात बॅटरी तापेल ते वेगळंच. पॅनलची जागा छपरावरच. सोडियम-आयन बॅटऱ्या वजनाला जड पडतात, म्हणून त्या लॅपटॉपपेक्षा घरच्या साठवणीला जास्त शोभतील असं मला वाटतं. सॉलिड-स्टेट, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या बॅटऱ्यांसाठी आजची खरेदी अडवून धरू नये. खरा बदल हाताशी आला आहे तो टाइप-सीचा. 2021 पासून या जोडणीचं मानक 240 वॉटपर्यंत गेलं आहे. खडेबाजारात असो वा ऑनलाइन, नवा लॅपटॉप घेताना ‘टाइप-सी वर चार्ज होतो का?’ हे आधी विचारा. काही मॉडेलांत ते पोर्ट फक्त डेटापुरतं असतं, म्हणून दुकानातच चार्जर लावून बघा.