फोनवर कोणी नजर ठेवून राहिलं का, घरीच असं तपासा

माझ्या मावसबहिणीला तिचा नवरा विचारे, "काल दुपारी धंतोलीत कोणाकडे गेली होती?" आणि ही तर कोणालाच सांगून गेली नव्हती. असं तीन-चारदा झाल्यावर ती फोन घेऊन माझ्याकडे आली. सरकार ऐकते, कंपन्या ऐकतात हे सगळे म्हणतात, पण ज्याच्या हातात आपला फोन दहा मिनिटं होता त्याच्यावर कोणाचा संशयच जात नाही, म्हणून हे लिहून राहिले.

आधी हे की ज्या फोनवर संशय आहे त्यावर हे वाचू नका, इंटरनेटवर काही सर्चही करू नका, पाहणाऱ्याला तेही दिसू शकते. वाचायला मैत्रिणीचा फोन घ्या, तपासायचं मात्र आपल्याच फोनमध्ये.

व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस पाहा, मग गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत 'युअर डिव्हाइसेस', मग गुगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग. अनोळखी काही दिसलं की दुसऱ्या फोनने फोटो काढा.

आता खरी जागा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि खाली डाउनलोडेड ॲप्समध्ये काय ऑन आहे ते पाहा. ही सोय दृष्टिहीन लोकांसाठी आहे, स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवते, म्हणून हेरगिरीच्या ॲपला ती मिळाली की तुमचे मेसेज, तुम्ही टाइप केलेलं सगळं ते वाचू शकते, मग व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड, म्हणजे वाटेत कोणाला मेसेज वाचता येत नाही असं, असून उपयोग काय, चोरी तर स्क्रीनवरूनच होते ना. बहिणीच्या फोनमध्ये 'सिस्टम सर्व्हिस' नावाचं ॲप तिथेच बसलं होतं, तिने कधी टाकलंच नव्हतं. तसंच सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन' आणि 'नोटिफिकेशन ॲक्सेस' टाकून पाहा. ॲडमिन म्हणजे फोनवर जादा अधिकार मिळालेलं ॲप, ते सहजासहजी अनइन्स्टॉल होत नाही. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप शोधणारी गुगलची सोय, आपोआप बंद झालेलं दिसलं तर सावध व्हा, असे ॲप टाकताना ते बऱ्याचदा बंद करतात.

सापडलं तरी लगेच डिलीट करू नका बाप्पा! पुरावा जातो आणि समोरच्याला कळते की हिला समजलं, मारझोड करणारा माणूस असेल तर हेच सगळ्यात धोक्याचं. ॲपचं नाव, परमिशन, तारीख याचे फोटो काढून ठेवा, मग वकील नाहीतर सायबर पोलीस, तक्रार सायबरक्राईम पोर्टलवर ऑनलाइनही होते, जिवाला भीती असेल तर ११२. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बाईच्या इंटरनेट-ईमेल वापरावर नजर ठेवणं हा पाठलागाचाच गुन्हा आहे, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा. नवरा आहे म्हणून सूट नाही.

कंपन्यांचं सोपं आहे, प्रायव्हसीत परमिशन मॅनेजर उघडा, लोकेशन आणि माइक 'वापरतानाच' वर ठेवा, कर्ज देणाऱ्या ॲपला काँटॅक्ट देऊच नका.

सरकारी टॅपिंगला केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाचा लेखी आदेश लागतो, एका वेळी ६० दिवस, एकूण १८० पर्यंत, तातडीत वरिष्ठ अधिकारी देऊ शकतो पण त्याला मागून मंजुरी लागते. ठाणेदार मनाने करू शकत नाही. पण २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनेच सांगितलं की पेगासस नावाचं हेरगिरीचं सॉफ्टवेअर जगात सुमारे १,४०० जणांवर सोडलं, त्यात आपल्या नागपूरच्या एका वकिलांनी स्वतःचंही नाव असल्याचं उघड सांगितलं. पेगाससच्या चौकशीसाठी नेमलेल्या सुप्रीम कोर्टाच्या समितीने २९ फोन तपासले, ५ मध्ये मालवेअर म्हणजे घातक सॉफ्टवेअर निघालं, ते पेगासस असल्याचं सिद्ध झालं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही हे कोर्टानेच २०२२ मध्ये सांगितलं. मला याचा खूप राग आहे. असलं हत्यार सेटिंग्जमध्ये दिसत नाही. अपडेट लगेच घ्या, फोन रोज रीस्टार्ट करा, पत्रकार किंवा वकील असाल तर आयफोनवर लॉकडाउन मोड, म्हणजे अशा हल्ल्यांपासून जादा संरक्षण देणारी सेटिंग, लावा.

पुरावा जमा झाला, सुरक्षित जागी पोचलात, की आधी दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावा, मगच फॅक्टरी रीसेट, आणि बॅकअपमधून जुने ॲप परत आणू नका, एकेक नव्याने टाका. नवीन स्क्रीन लॉक घरात कोणालाच सांगू नका, लेकरांनाही नाही, बहिणीच्या फोनचा पिन तिच्या पोरानेच बापाला सांगितला होता.