डीपीवर हरकत घेताय? या चुका टाळा

शहरात रस्ते, बागा, शाळा कुठे येणार ते नकाशावर दाखवणारी प्रारूप (कच्ची) विकास योजना, म्हणजे आपल्या बोलीत डीपी, प्रसिद्ध झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता धुरळा उडतो. अर्ज मात्र कुणी करत नाही. मुदत संपत आली की माझ्याकडे रांग लागते: "साहेब, हरकत लिहून द्या, पाच मिनिटांचं तर काम आहे." पाच मिनिटांचं ते कधीच नसतं.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारी चूक म्हणजे जमीन कोणती तेच नीट न सांगणं. शहरात नव्याने आलेल्या एका गावात 18 मीटरचा रस्ता एका कुटुंबाच्या विहिरीवरून दाखवला होता. थोरल्या भावाने दोन पानी हरकत लिहिली. आजोबांनी विहीर कशी खोदली तेही त्यात होतं. नंबर मात्र टाकला आजोबांच्या खरेदीखतावरचा जुना सर्व्हे नंबर. जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तेव्हा गावाचे नंबर बदलले होते आणि नकाशावर गट नंबर होते. तोच आकडा आता गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गटाचा. सुनावणीत अधिकाऱ्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, "इथे रस्ताच नाही, मग हरकत कशाला?" थोरल्याचा चेहरा पडला. नशीब धाकट्याच्या पिशवीत सातबारा होता. तिथल्या तिथे दुरुस्तीचा अर्ज दिला, तेव्हा कुठे विहीर कागदावर आली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी ताजा सातबारा आणि मोजणी नकाशा आणायला पिटाळतो. योजनेच्या भाग नकाशाच्या (आपल्या भागापुरत्या नकाशाच्या) प्रतीवर लाल पेनाने जागा दाखवायची. पहिल्या ओळीत गाव, गट नंबर आणि योजनेत काय दाखवलंय ते. दुसऱ्या ओळीत काय हवं ते. आजोबा तिसऱ्या पानावर, जागा उरली तर.

फॉरवर्ड होऊन आलेल्या नकाशाच्या फोटोवर बोटाने मापं काढू नका. 1:4000 च्या नकाशावर 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवर 4 मीटर. तेवढ्यात तुमची पडवी जाते किंवा वाचते. मोठा नकाशा नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे योजना तयार करणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात लावलेला असतो. जाऊन बघायचे कष्ट घ्या.

एकच मजकूर शे-दोनशे जणांच्या सह्यांनी देणं हा आणखी एक शॉर्टकट. चालतो, पण मुद्दा एकच राहतो.

दुसरी माझी दुखरी नस: हरकत म्हणजे फक्त विरोध, हा समज. कायद्यात हरकती आणि सूचना दोन्ही आहेत. आपल्या जमिनीवरचं बागेचं किंवा शाळेचं आरक्षण, म्हणजे त्यासाठी राखलेली जागा, उठवा असं लिहिणारा जमीनमालक वकील घेऊन वेळेत हजर असतो. ते आरक्षण राहू द्या असं मात्र शेजारच्या सोसायटीतलं कुणीच लिहीत नाही, कारण "ते तर आहेच की नकाशात". मग हरकती ऐकणाऱ्या समितीपुढे कागद एकाच बाजूचा जातो. बाग गेली की हीच मंडळी मोर्चा काढतात. आवडलेल्या गोष्टीसाठीही अर्ज द्या, कारणासकट.

हरकत घेऊन काही होत नाही म्हणणाऱ्यांसाठी: मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, त्यातल्या चुकांवर हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये सरकारने तो नव्याने करायला लावला.

तोंडी सांगून येऊ नका, नगरसेवकाच्या हातीही देऊ नका. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घ्या.

सुनावणीला गैरहजर राहू नका.

आणि सुनावणी झाली की फाईल माळ्यावर टाकू नका. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 31 खाली मंजुरी देताना सरकारला मोठे बदल करायचे असतील, तर त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ती नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टायपात येते. तोवर निम्मे हरकतदार आपण जिंकलो या समजुतीत निवांत असतात, आणि रस्ता नेमका त्या बदलांच्या यादीत परत आलेला असतो.