द्राक्षघडांची विरळणी कशी करावी
निफाड-दिंडोरीच्या बागांत ऑक्टोबर छाटणीनंतर मणी ज्वारीएवढे झाले, की विरळणीला हात घालावा. उशीर झाल्यास मणी दाटतात आणि कात्रीचे टोक आत शिरत नाही. घड देठाला धरून हलकेच फिरवावा, आत वळलेले व बारीक मणी देठाशी कापावेत, मात्र राहणाऱ्या मण्याला टोक लागू देऊ नये, कारण तो डाग मण्याबरोबर वाढत जातो. हे काम डोळ्यांत तेल घालूनच करावे लागते, आणि त्यात तरबेज असलेल्या महिला मजुरांचा हात पाहून शिकणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. निर्यातीला साधारण १८ मिलिमीटरचा मणी लागतो. त्याला फुगायला जागा आत्ताच ठेवावी. ओळ संपल्यावर मागे फिरून प्रत्येक घड खालून पुन्हा पाहावा.